आत्याच्या वावरातली बुजलेली भेग

आत्या, तू सकाळी आपल्या वावरात गेलीस आणि आम्हाला परत मिळालीस ती कंपनीच्या फाटकातून.

पत्रकं लिहायला लागले तेव्हा मला शिकवलं होतं की पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याची गचांडी धरायची. ही ओळ तशीच दिसते. पण यात मी एक शब्द वाढवलेला नाही. दहीभाताचं भगुणं घेऊन तू उभ्या कपाशीत, पऱ्हाटीत उतरलीस, जमीन उघडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खाणीतल्या मजुरांनी तुला जमिनीखालून, कोळसा ओढायच्या डब्यात निजवून वर आणलं. तुझं लुगडं हिरवं होतं म्हणतात. मला ते काळं दिसलं.

तार आली तेव्हा अमरावतीला, शेतकऱ्यांसाठी पत्रकं काढणाऱ्या आमच्या मंडळाच्या खोलीत मी पत्रकं चिकटवायची खळ शिजवत होते. नामदेवदादाने, तुझ्या लेकाने, वणीहून तार केली होती: आई वावरात जमिनीखाली गेली, लवकर ये. मला अर्थच लागेना. माणूस विहिरीत जातं, पुरात जातं. वावरात उभं माणूस जमिनीखाली कसं जाईल? खळ चुलीवर तशीच ठेवून निघाले. बडनेरा, मग मूर्तिजापूर, मग यवतमाळची ती छोटी गाडी, जी वाटेत बैल दिसला की त्याला आधी जाऊ देते असं तू म्हणायचीस. डब्यात समोर एक म्हातारे बाबा बसले होते.

"कोनाकडं चालली वं पोरी?"

"आत्याकडे."

"काय, लगन हाय काय?"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येत नाही. बाबांनी मग लग्नातली वांग्याची भाजी कशी असावी, तेल किती सुटावं, हे यवतमाळ येईपर्यंत सांगितलं आणि मी मान हलवत राहिले. इंजिनाची काजळी खिडकीतून डोळ्यांत जात होती. डोळे पुसायला तेवढं निमित्त झालं.

त्या इंजिनात वणीकडचाच कोळसा जळतो. अमरावती-अकोल्याच्या जिनांत कापसातली सरकी काढतात, तिथल्या बॉयलरातही तोच. तुझ्या मुलखाखालचा कोळसा तुझ्याच कापसाची सरकी काढायला जातो, आणि तुझ्या हातात उरते ती राख, असं मी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं. ओसरीवर तुला वाचून दाखवलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मंग चांगलंच हाय की वं. घरचंच सरपन."

सगळे किती हसले होते. मी सोडून.

फाटकाशी पोचले तेव्हा गाव वावरात नव्हतं, खाणीच्या तोंडाशी उभं होतं. आधी वरून खणून पाहिलं होतं, पण बाजूची माती सारखी ढासळत राहिली. शेवटी खालून, बंद केलेल्या जुन्या बोगद्यातून तुला शोधलं. तुला वर आणणाऱ्यांतला एकजण परमुलखाचा होता, अंगभर कोळसा माखलेला. त्याने आपला पटका सोडून तुझ्यावर पांघरला होता. त्या माणसाने नामदेवदादासमोर हात जोडले.

"भैया, हमको तो मालूम ही नहीं था कि ऊपर किसी का खेत है."

आत्या, या एका वाक्यातून मला अजून बाहेर पडता येत नाही. आपल्या पायाखाली माणसं घण घालत आहेत, हे पेरताना तुला ठाऊक नव्हतं. आपल्या डोक्यावर कोणाची तूर फुलली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वरचं आणि खालचं दोन्ही ठाऊक होतं ते नकाशे गुंडाळून कपाटात ठेवणाऱ्यांना. त्यांच्यातला एकही त्या दुपारी फाटकाशी नव्हता.

तुझं माहेर आमचं, मोर्शीकडचं. संत्र्याच्या बागेत वाढलेली पोर वणीकडे दिली गेली आणि तिथली काळी माती पाहून बागेला विसरली, असं माझे बाबा चिडवायचे. आतोबा गेल्यावर वावर तूच पाहिलंस. नाल्याच्या पलीकडे खाण सुरू झाली तेव्हा तू तिच्याकडे पाठ करूनच डवरा, बैलांचं ते कोळपं, हाकलास. कोळशासोबत निघालेला भुसभुशीत काळा पाथर त्यांनी नाल्याकाठी टेकडीसारखा रचला. पावसात तो वाहून तुझ्या खालच्या पट्टीत पसरला. रंग काळा, म्हणून तुला वाटलं गाळ. तळ्यातला गाळ लोक बैलबंड्या भरभरून आणतात, तुला तर घरबसल्या मिळाला! तू तो उचलून वांग्याच्या वाफ्यातही घातलास. "कंपनीनं खत धाडलं," असं गावभर सांगत सुटलीस.

त्या पट्टीत ज्वारी वीतभर झाली आणि शेंड्यापासून करपत खाली आली. वांगी तर फुलावरच आली नाहीत. माती वाळली की वर पिवळट पापडी धरायची. सरजूने, तुझ्या धुऱ्याला धुरा, बांधाला बांध असलेल्या शेजारणीने, ती जिभेला लावून पाहिली आणि थू करून म्हणाली, "हे खत व्हय? याले तं बैलबी हुंगनार नाई." पुढे नाल्याचं पाणी तांबूस झालं, काठचे गोटे जंग चढलेल्या लोखंडासारखे दिसायला लागले. ते पाणी मिरचीला दिलं, तर पानं कडेकडेने जळत आत गेली. फुटलेल्या बोंडांवर कोळशाची भुकटी बसायची. बाजारात अकोल्याच्या व्यापाऱ्याने तुझा कापूस मुठीत दाबून पाहिला आणि विचारलं, "बाई, चुलीवर वाळवला काय?" तू म्हणालीस, "नाई बा. तुह्या जिनाच्या धुराडीवर."

बोलण्यात तुला कोणी हरवलं नाही, आत्या. मीही नाही. आणि त्याचाच मला आज सगळ्यात राग येतो.

वैशाखात मी आले होते. खालची पट्टी गेल्यावर तुझा सगळा जीव वरच्या पट्टीत होता, आणि तिथे भेगा पडल्या होत्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात हे वऱ्हाडात कोणाला सांगायचं? म्हशीचा पाय अडकेल एवढ्या पडतात. कोणी घाबरत नाही. माती तापते, फाटते, वरची थोडी आत पडते, पाऊस झाला की फुगून परत मिटते. ते जमिनीचं आपलं आपण नांगरून घेणंच. पण त्यातली एक भेग वेगळी होती. बाकीच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या, वेड्यावाकड्या. ही सरळ, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, आणि तिची एक कड दुसरीपेक्षा खाली बसलेली. मी आत ढेकूळ टाकलं. पडल्याचा आवाज आलाच नाही.

"आत्या, ही उन्हाची भेग नाही. खाणीत कोळशाचेच खांब ठेवून वरचं छत तोलतात. कोळसा संपला की जाताना ते खांबही काढून नेतात. मग छत बसतं, आणि छतावरचं वावरही."

"तुले कोनं सांगतलं?"

"वाचलंय मी."

"कागदावर वावर असते काय वं? खान नाल्याच्या पल्याड. माहं वावर अल्याड."

"जमिनीखाली नाला नसतो!"

"अन् तुह्या मोर्शीकडं कायी माती फाटत नाई काय? का तिथंबी कंपनीनंच फाडली?"

"निदान या पट्टीत पेरू नकोस."

"पेरू नको!" तू नामदेवदादाला हाक मारलीस. "अरे आयक रे, हे पोट्टी मले पेरू नको म्हनते. वावर पडीत ठेवलं तं लोकं म्हनतीन, बुढी मेली काय."

भादव्यात महालक्ष्म्यांना अमरावतीला आलीस ती जिंकूनच. अजून पायही धुतले नव्हतेस.

"बुजली वं तुही भेग!"

माझी भेग. वैशाखापासून तू तिला माझ्याच नावावर करून टाकलं होतंस.

"डवरा फिरवला मी तिच्यावरून. बैलाचा खूर रुतला नाई. जमीन जुयली."

"आणि पीक कसं आहे तिथलं?"

तू पुरण वाटायला घेतलंस. पाट्याकडेच बघत सांगितलंस, त्या पट्ट्यात पऱ्हाटी पिवळी आहे, पात्या, फुलाच्या कळ्या, गळतात, चांगला पाऊस होऊनही माती लगेच कोरडी होते. "पानी लागलं असन," म्हणालीस. पाणी साचलं असतं तर माती कोरडी कशी, असं मी विचारलं. पाणी साचत नव्हतं आत्या, गळत होतं. त्याच पावसाळ्यात तुझ्या विहिरीचं पाणीही खाली गेलं होतं. मातीने फुगून भेगेचं वरचं तोंड तेवढं मिटवलं होतं. खाली सगळं तसंच उघडं होतं, आणि मिटलेल्या तोंडामुळे आता ते कोणाला दिसणारही नव्हतं.

तू चिडलीस. "वावर माहं हाय का तुह्या मंडळाचं? माहं नाव त्या कागदात घालशीन तं दारात येऊ देनार नाई."

"नको येऊ देऊ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू परत गेलीस. माझ्या फडताळात मुगाच्या वड्या ठेवून गेलीस, न सांगता. आपलं भांडण नेहमी असंच अर्ध्यावर थांबायचं आणि पुढच्या खेपेला तिथूनच सुरू व्हायचं. मी मनात मुद्देही काढून ठेवले होते. ते मुद्दे आता मी कोणाला सांगू?

त्या सकाळचं मला सरजूने सांगितलं. तिला ते सलग सांगता येत नव्हतं.

सीतादहीचा दिवस होता. पहिल्या वेचणीआधी घरधनिणीने वावरात गोटे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिली बोंडं तिथे ठेवायची, आणि कापूस दह्यासारखा पांढरा यावा म्हणून दहीभात शिंपत पिकातून फिरायचं. तिचं होईपर्यंत वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर थांबतात. तिच्या पुढे पाय टाकायचा नाही. म्हणून तू एकटी होतीस. एरवी दहा बाया तुझ्या आगेमागे असायच्या.

"जाता जाता मले म्हने, सरजे, तुह्या वावराकडंबी दोन शितं फेकू काय? तुहा कापूस तं कोयशासारखा काया. आमी हासलो बाई. हासतच होतो. अन् थे दिसनाशी झाली. आवाज नाई, कल्ला नाई. पऱ्हाटी हालली, डुक्कर शिरल्यावर हालते तशी. मले वाटलं, गोटे मांडाले बसली. मी म्हटलं, मंजुळाबाई, उठा आता, ऊन होऊन राह्यलं."

मग ती धावली. तिच्याही पायाखालची माती सरकली. बायांनी पदराला धरून तिला मागे ओढलं, म्हणून सांगायला ती तरी आहे.

"पाह्यलं मी खाली," सरजू म्हणाली. "खाली काईच नोतं."

तुझी तेरवीही झाली नव्हती, तोच तालुक्याचा साहेब चौकशीला आला. सोबत कंपनीचा बाबू. कागद लिहूनच आणला होता: काळ्या जमिनीच्या नैसर्गिक भेगेत पाय जाऊन मृत्यू. नामदेवदादाने खाली अंगठा द्यायचा होता. बाबूने दादाला बाजूला घेऊन सांगितलं, अंगठा दिलास तर गावालगतची पडीत जमीन बदलीत मिळवून देऊ. नाही दिलास तर हे वावर धोक्याचं म्हणून तारेने बंद होईल आणि तुझ्या हाती काही येणार नाही. दादाच्या घरात चार तोंडं आहेत. जमिनीवाचून तो काय करणार, हे बाबूला चांगलं ठाऊक होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. साहेबाने विचारलं, "आपण या वावराच्या मालक आहात?"

"नाही."

"मग या बाईंना जरा बाजूला घ्या."

मला बाजूला घ्यायला कोणी पुढे आलं नाही. पुढे आली ती सरजू.

"साहेब, भेगच हाय ना? साधी, उन्हाची?"

"तेच लिहिलं आहे."

"मंग या ना असे. थे ज्या तासानं, ज्या ओळीनं गेली त्याच तासानं तुमी चाला. आमी मांगून येतो साऱ्या."

साहेब धुऱ्यावर उभा होता. त्याने पऱ्हाटीकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. म्हणाला, "आम्हाला उशीर झाला आहे." बाबू तोवर बंडीवाटेला लागलाही होता. साहेबाने धुऱ्यावरूनच कागद पुढे केला.

नामदेवदादा कधी मोठ्याने बोलत नाही, तुला ठाऊकच आहे. तू दोघांचं बोलून घ्यायचीस. त्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, उन्हाच्या भेगीत पडलेलं मानूस कोयशाच्या डब्यात कसं सापडते?" साहेब म्हणाला, त्याचा विचार वरिष्ठ करतील. दादाने हात धोतराला पुसले आणि पाठीमागे बांधले. अंगठा त्याने दिला नाही.

याची किंमत लगेच दिसली. वावराला काटेरी तार लागली. आत पऱ्हाटी फुटून उभी आहे. वेचायला कोणाला जाऊ देत नाहीत, आणि दिलं तरी कोणी जाणार नाही. कापूस बोंडातून लोंबतो आणि मातीत गळतो. दादा आता दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातो. मी त्याला म्हटलं, तू बरोबर केलंस. तो म्हणाला, "बरोबर केलं थे ठीक हाय. लेकरायले काय खाऊ घालू थे सांग." माझ्याजवळ आणि मंडळाजवळ नुसत्या घोषणा होत्या.

निघाले त्या दिवशी तो मला मोटारीपर्यंत सोडायला आला. मी त्याला सांगितलं, मी लिहिणार आहे, गावोगाव वाटणार आहे. माझ्या डोक्यात मजकूर तयार होता. त्यात तू खाणीचा धोका ओळखला होतास, कंपनीला ललकारलं होतंस, मातीसाठी उभी राहिली होतीस. मी दादाला तो तोंडी म्हणून दाखवला. रस्त्याच्या कडेला, धुळीत, चांगल्या आवाजात.

तो म्हणाला, "कमल, असं नको लिहू."

"का?"

"मायले काई ओळखू आलं नोतं. तिले साधी भेग वाटली. मलेबी तसंच वाटलं. आमी दोघायनं डवरा घातला तिच्यावरून. तसंच लिह्य."

"लोक काय म्हणतील तिला?"

"म्हनू दे. तू तिले हुशार केली, तं पुढच्या गावातली बाई म्हनन, थे तं जानकार होती, तिले समजलं होतं. माही भेग तं बुजली, मले काय भेव हाय? अन् थेबी जाईन भगुनं घेऊन."

मोटार आली. तो वळून निघून गेला. हात हलवण्याची त्याला सवय नाही.

आत्या, बुजली म्हणजे जुळली, ही खूण तुझ्या सासूने तुला दिली, तिला तिच्या सासूने. तोवर ती खरीच होती. काळ्या मातीने कधी कोणाला फसवलं नव्हतं. तिच्याखालचा आधार ज्यांनी काढून नेला त्यांनी तुझी खूण खोटी पाडली, आणि तुला कळवलंही नाही. हे मी छापणार आहे, मोठ्या अक्षरांत. पण त्याच्या आधी दादाने सांगितलं ते छापणार आहे. तुला कळलं नव्हतं. जिथे पऱ्हाटी पिवळी पडली होती, तिथूनच तू हसत, चेष्टा करत चालत गेलीस.

माणूस गेलं की त्याला शहाणं करायची आपली रीत आहे. तुझ्या बाबतीत मला ती पाळता येणार नाही. त्या नाल्याच्या काठाने अजून पुष्कळ वावरं आहेत, आणि त्यांतल्या बायांची सीतादही अजून व्हायची आहे.